‘फ्लिप’ कॅमेरा : कालबाह्य झाला की केला गेला?

१२ एप्रिल २०११ रोजी सिस्को या बलाढ्य अमेरिकन कंपनीने एक पत्रक काढले. ‘फ्लिप’ या नावाने विकला जाणारा, खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा बनविण्याचा धंदा आपण बंद करीत आहोत, असे त्यात म्हटले होते. तो विकावयाचा नव्हता, दुसऱ्या कोणाच्या स्वाधीनही करावयाचा नव्हता. बंद करावयाचा होता. सुमारे ५५० कर्मचारी कामावरून कमी होतील, हेही त्याच पत्रकात एका ओळीत उरकण्यात आले होते. दोनच वर्षांपूर्वी, मार्च २००९ मध्ये, याच कंपनीने ५९ कोटी डॉलर किमतीचे आपले शेअर देऊन हा धंदा विकत घेण्याचा सौदा जाहीर केला होता. तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता. बंद करताना पत्रक पुरले.

या घटनेचा जो अर्थ त्या वेळी लावण्यात आला आणि आजही लावला जातो, तो अगदी सोपा आहे. मोबाइल फोनमध्ये कॅमेरा आला आणि फ्लिपची गरज संपली. बोरू गेला, टाक आला. टांगा गेला, टॅक्सी आली. त्यातलाच हा आणखी एक प्रकार. या स्पष्टीकरणात तथ्य नाही असे मुळीच नव्हे, आणि ते पुढे पाहावयाचेच आहे. परंतु ‘कालबाह्य’ या शब्दाची एक खोड आहे. वस्तू कालबाह्य ‘होते’ असे म्हटले की ती कोणी केली, केव्हा केली आणि कोणाच्या लाभासाठी केली, हे प्रश्न व्याकरणातच गळून पडतात. काळ नावाचा कोणी अदृश्य कारभारी जणू हुकूम काढतो आणि कारखाने, नोकऱ्या, वस्तू निमूटपणे नाहीशा होतात. फ्लिपच्या बाबतीत हुकूम काढणाऱ्यांची नावे आणि तारखा उपलब्ध आहेत. म्हणून हे एक लहानसे प्रकरण नीट तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम ती वस्तू कशी होती ते पाहावे. २००७ पर्यंत घरगुती व्हिडिओ कॅमेरा म्हणजे एक खटाटोप असे. लहानशी टेप किंवा तबकडी घालावयाची, बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून ठेवावयाची, कळा आणि याद्या यांच्या जंजाळातून मार्ग काढावयाचा, आणि एवढे करून घेतलेले चित्रण संगणकावर उतरवावयाचे तर वेगळी वायर आणि वेगळे ज्ञान हवे. परिणाम असा की, लग्नमुंजीत एकदा बाहेर काढलेला कॅमेरा नंतर कपाटात पडून राही. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्यूअर डिजिटल या लहानशा कंपनीने मे २००७ मध्ये ‘फ्लिप व्हिडिओ’ आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘फ्लिप अल्ट्रा’ बाजारात आणला. पाठीमागे दीड इंचाचा पडदा, त्याखाली मधोमध एक मोठे लाल बटण. ते दाबले की चित्रण सुरू, पुन्हा दाबले की बंद. दोन साधे पेन्सिल सेल. साठ मिनिटे चित्रण मावेल एवढी स्मृती. आणि कडेला एक खटका. तो सरकविला की यूएसबीचा दांडा टपकन् बाहेर येई व थेट संगणकात खुपसता येई. वायर नको, तबकडी नको. चित्रे उतरविण्याचा आणि कापण्या-जोडण्याचा प्रोग्रॅमही कॅमेऱ्याच्या पोटातच भरलेला. नावही त्या दांड्यावरूनच पडले. किंमत सुमारे दीडशे डॉलर.

चित्रण फारसे उच्च दर्जाचे नव्हते. भिंग एकाच ठिकाणी स्थिर केलेले, दूरचे जवळ आणण्याची सोय नाममात्र. व्यावसायिक मंडळींनी सुरुवातीला नाके मुरडली यात नवल नाही. परंतु ज्यांच्या हातात आयुष्यात कधी व्हिडिओ कॅमेरा आला नव्हता, अशी माणसे पहिल्याच मिनिटाला तो चालवू लागली. अॅमेझॉनच्या विक्रीयादीत तो झपाट्याने वर चढला आणि दोन वर्षांत वीस लाखांच्या घरात खपला. ‘कमी करणे’ हीदेखील एक तांत्रिक प्रतिभा असते. ज्यांनी हा कॅमेरा आखला त्यांनी गुणांची भर घालण्याऐवजी अडचणी वजा केल्या. भांडवलशाहीतही उत्तम वस्तू निर्माण होतात, हे समाजवाद्यांनी नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्या वस्तूंचे पुढे काय होते हा आहे.

या कॅमेऱ्याची पूर्वपीठिकाही बोलकी आहे. त्याच कंपनीने २००५ च्या जूनमध्ये अमेरिकेतील सीव्हीएस या औषधांच्या दुकानसाखळीतून ‘एकदाच वापरण्याचा’ व्हिडिओ कॅमेरा विकावयास काढला होता. गिऱ्हाइकाने सुमारे तीस डॉलर भरून तो न्यावा, वीस मिनिटे चित्रण करावे, आणि कॅमेरा दुकानात परत द्यावा. मग आणखी तेरा डॉलर घेऊन दुकान त्याला तबकडी करून देणार आणि कॅमेरा पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला जाणार. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतून आपले स्वतःचे चित्रण काढून घेण्यास मालकाला मज्जाव, असा हा अजब व्यवहार होता. थोड्याच दिवसांत काही उद्योगी तरुणांनी तो कॅमेरा उघडला, घरच्या घरी वायर तयार केली आणि कुलूप मोडून चित्रण संगणकावर उतरवून दाखविले. त्यानंतर वर्षभरात, मे २००६ मध्ये, कंपनीने गिऱ्हाइकाने स्वतःजवळ ठेवावयाचा आणि थेट संगणकाला जोडावयाचा कॅमेरा विक्रीस आणला. लोकांना काय हवे आहे हे कुलूप मोडणाऱ्यांनी आधी सांगितले होते, एवढे काळाच्या क्रमावरून तरी दिसते.

आता खरेदीकडे यावे. सिस्को ही कंपनी घरगुती वस्तू बनविणारी नव्हे. संगणकांची जाळी जोडणारी राउटरसारखी अवजड यंत्रे मोठमोठ्या कंपन्यांना, सरकारांना आणि दूरसंचार खात्यांना विकणे हा तिचा मूळ धंदा. अशा कंपनीला दीडशे डॉलरचा, पोराटोरांच्या हातचा कॅमेरा कशाला हवा होता? तिचे प्रमुख जॉन चेंबर्स यांचे गणित असे होते की, लोक जितके अधिक व्हिडिओ काढतील आणि पाठवतील, तितका जाळ्यांवरचा भार वाढेल. आणि जितका भार वाढेल, तितकी सिस्कोची यंत्रे अधिक खपतील. म्हणजे कॅमेरा हा विकावयाचा मालही होता आणि दुसऱ्या मालाला मागणी निर्माण करणारे आमिषही.

या व्यवहारातील एक धागा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. सेकोया कॅपिटल नावाची जी जोखीम भांडवल पुरविणारी पेढी आहे, तिने १९८७ साली सिस्कोमध्ये भांडवल घातले होते. २००५ साली तिने यूट्यूबमध्ये भांडवल घातले. ती कंपनी गूगलने पुढच्याच वर्षी १६५ कोटी डॉलरना घेतली. आणि प्यूअर डिजिटलमध्येही हीच पेढी होती. चित्रण करणारे उपकरण, ते दाखविणारे ठिकाण आणि ते वाहून नेणारे जाळे, या तिन्ही ठिकाणी एकाच पेढीचा हात. यात काही बेकायदेशीर आहे असे कोणी म्हणणार नाही. खुली स्पर्धा, जिद्दी उद्योजक आणि सार्वभौम ग्राहक यांची जी कथा शाळकरी मुलांना शिकविली जाते, तिच्या पोटात भांडवलाची आतली वीण किती घट्ट असते, एवढेच यावरून दिसते. प्यूअर डिजिटलचे संस्थापक जोनाथन कॅप्लन यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये, म्हणजे धंदा बंद होण्याच्या दोन महिने आधी, सिस्को सोडली आणि त्याच वर्षी भाजलेल्या चीज-सँडविचची उपाहारगृहे काढली. त्यातही सेकोयाचे पैसे होते. ज्या ५५० जणांना नारळ मिळाला त्यांच्यापैकी कोणाला असा दुसरा डाव मिळाला का, याची नोंद ठेवण्याची पद्धत भांडवली वृत्तपत्रांत नाही.

खरेदीनंतरच्या दोन वर्षांत सिस्कोने फ्लिपचे काय केले? चित्रणाचा दर्जा वाढला, आकार घटला, रंगीबेरंगी आवरणे आली. एप्रिल २०१० मध्ये ‘स्लाइड’ नावाचा, सरकणाऱ्या मोठ्या पडद्याचा, तब्बल २८० डॉलरचा कॅमेरा निघाला. स्वस्त आणि साधे हे ज्याचे दोन गुण, त्याचे दोन्ही गुण त्यात हरवले होते. आणि जे करावयास हवे होते ते झालेच नाही. चित्रण बिनतारी पद्धतीने थेट पाठविता येईल असा एकही फ्लिप बाजारात आला नाही. जगातील जाळी जोडणारी सर्वांत मोठी कंपनी मालक, आणि तिच्याच कॅमेऱ्याला जाळे माहीत नाही! ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे तंत्रज्ञानविषयक लेखक डेव्हिड पोग यांनी धंदा बंद झाल्यावर लगोलग लिहिले की, चित्रण जागच्या जागी इंटरनेटवर प्रक्षेपित करणारा ‘फ्लिपलाइव्ह’ हा कॅमेरा तयार होता आणि बंदच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी तो बाजारात यावयाचा होता. तयार माल कोठारात राहिला आणि तो तयार करणारे घरी गेले.

या घाईचे कारण कॅमेऱ्यात शोधून सापडणार नाही. ते सिस्कोच्या ताळेबंदात आहे. कंपनी डबघाईला आली होती काय? २०१० च्या आर्थिक वर्षात तिची उलाढाल ४,००० कोटी डॉलरची आणि निव्वळ नफा सुमारे ७८० कोटी डॉलरचा होता. अडचण होती ती निराळीच. मूळ धंद्यात स्पर्धा वाढत होती, शेअरचा भाव घसरत होता आणि भागधारक कुरकुरू लागले होते. सिस्कोच्या मुख्य मालावर ढोबळ नफा साठ टक्क्यांहून अधिक सुटत असे. घरगुती वस्तूंवर तेवढा सुटणे शक्य नव्हते. फ्लिप खपत होता, परंतु तो ज्या प्रमाणात नफा देई त्याने कंपनीची सरासरी खाली ओढली जाई. शेअर बाजाराच्या लेखी हा गुन्हाच.

तारखा पाहाव्यात. मार्च २०११ मध्ये सिस्कोने आपल्या इतिहासातील पहिला लाभांश जाहीर केला. एप्रिलच्या प्रारंभी चेंबर्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून आपण गुंतवणूकदारांची निराशा केल्याचे कबूल केले. त्यानंतर आठवड्याभरात फ्लिप बंद. जुलैत ६,५०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली, आणि मेक्सिकोतील हुआरेझ येथला दूरचित्रवाणीची उपकरणे बनविणारा कारखाना फॉक्सकॉन या तैवानी कंपनीला विकला गेला. तेथील सुमारे ५,००० कामगार कारखान्यातील यंत्रांबरोबरच नव्या मालकाकडे वर्ग झाले. त्या आर्थिक वर्षात सिस्कोने दोन तिमाहींचा लाभांश म्हणून सुमारे ६५ कोटी डॉलर वाटले आणि स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यावर ६०० कोटींहून अधिक खर्च केले. फ्लिपसाठी मोजलेल्या ५९ कोटींपेक्षा पहिल्या दोन तिमाहींचा लाभांशच मोठा होता. ‘पैसा नव्हता’ ही सबब येथे उभी राहू शकत नाही.

आता मोबाइल फोनच्या बाजूचा विचार करावयास हवा, कारण तो टाळून केलेली टीका लंगडी ठरेल. जून २००९ मध्ये अॅपलने व्हिडिओ चित्रण करू शकणारा पहिला आयफोन आणला. सप्टेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावर फ्लिपचे चित्र दाखवून त्याची किंमत आणि स्मृती यांची जाहीर तुलना केली, आणि तेवढ्याच किमतीत, दुप्पट स्मृतीचा, कॅमेरा असलेला ‘नॅनो’ हा गाणी ऐकण्याचा संच पुढे केला. गंमत अशी की, पुढच्याच वर्षीच्या नॅनोमधून कॅमेरा गायब झाला होता. तोवर लहान कॅमेऱ्याची स्वतंत्र किंमत मोजण्याची गरज नाही, हा समज मात्र पक्का झाला. जून २०१० च्या आयफोनमध्ये उच्च दर्जाचे चित्रण आले. फोन सदैव खिशात असतो, आणि घेतलेले चित्र त्याच क्षणी पाठविता येते. या दोन गोष्टींना फ्लिपजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा फ्लिप सिस्कोच्या हाती पडला नसता तर तो अजरामर झाला असता, असे कोणी समजू नये. तसलेच कॅमेरे बनविणाऱ्या कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फेब्रुवारीत कॅमेऱ्यांचा धंदाच सोडून दिला. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली तिच्या सभासदांनी १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठविले होते. २०२० साली ही संख्या ९० लाखांच्या आत आली होती. हे परिवर्तन एका कंपनीच्या लहरीने घडलेले नाही. तग धरली ती गोप्रोसारख्या कॅमेऱ्याने, जो पाण्यात, बर्फात, धावत्या सायकलीवर, म्हणजे जेथे कोणी फोन नेत नाही तेथे जाऊन बसला.

परंतु एप्रिल २०११ मध्ये परिस्थिती काय होती? प्यू या संशोधन संस्थेच्या मे २०११ च्या पाहणीनुसार अमेरिकेतील प्रौढांपैकी ३५ टक्क्यांकडे स्मार्टफोन होता. म्हणजे दर तीन प्रौढांमागे जवळजवळ दोघांच्या हाती तो नव्हता, आणि हा हिशेब जगातील सर्वांत धनाढ्य देशाचा. ज्यांच्यासाठी फ्लिप ‘कालबाह्य’ झाला ते एक-तृतीयांश. निर्णय लागू झाला तो सर्वांना. यातही किमतीचा प्रश्न आहे. फ्लिपला एकदा दीडशे डॉलर मोजले की देणे-घेणे संपले. १९९ डॉलरच्या आयफोनबरोबर एटी अँड टी या कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा लागे आणि दरमहा कमीत कमी ५५ डॉलर भरावे लागत. दोन वर्षांत हा आकडा पंधराशे डॉलरच्या पुढे जातो. फोन काही केवळ चित्रणासाठी घेतला जात नव्हता, हे खरेच. तरीही ‘कॅमेरा आता फुकट मिळतो’ हे जे विधान तेव्हा सर्रास केले गेले, ते एखाद्या कारखान्याच्या चाळीत खोली ‘फुकट’ मिळते म्हणण्यासारखे आहे. भाडे दुसऱ्या खात्यातून वळते होते, इतकेच.

लहान, स्वस्त, कोणालाही चालविता येणारा कॅमेरा ही नुसती करमणुकीची वस्तू नव्हती. लॉस एंजलिसमध्ये मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला पोलिसांनी केलेली अमानुष मारहाण जगाला दिसली, ती एका रहिवाशाने आपल्या घराच्या सज्ज्यातून महागड्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपली म्हणून. तो कॅमेरा तेथे असणे हा निव्वळ योगायोग होता. १ जानेवारी २००९ च्या पहाटे ओकलंड येथील रेल्वे फलाटावर ऑस्कर ग्रँट या बावीस वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला पोलिसाने पालथे पाडून गोळी घातली, तेव्हा अनेक प्रवाशांच्या हातांत लहान कॅमेरे आणि मोबाइल होते. एकाच घटनेची अनेक चित्रणे बाहेर आली. तो पोलीस २०१० साली दोषी ठरला. शिक्षा अवघी दोन वर्षांची झाली, पण ‘असे घडलेच नाही’ असे म्हणण्याची सोय राहिली नाही. योगायोगाची जागा नित्याच्या साक्षीने घेतली, ती या अठरा वर्षांत. फ्लिपसारख्या वस्तू या वाटेवरचा एक टप्पा होत्या. फोनने ही साक्ष आणखी कोट्यवधी हातांत नेली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. आज चळवळीतील कोणत्याही कार्यकर्त्याला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मात्र त्याबरोबरच एक गोष्ट बदलली. फ्लिपमधून चित्रण निघे ते दांडा संगणकात खुपसून, आणि तेथून ते कोणाकडे जावे हे काढणारा ठरवी. फोनमधूनही वायरने चित्रण काढता येते. पण तसे सहसा कोणी करीत नाही, कारण फोनची सारी घडणच ते जाळ्यावर लोटण्यासाठी केलेली असते. जाळ्याचा मालक वेगळा, दाखविणाऱ्या ठिकाणाचा मालक वेगळा, आणि दोघांवर सरकारचा वरदहस्त किंवा धाक. भारतात याचा अनुभव २०२१ च्या प्रारंभी आला. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते. २६ जानेवारीच्या घटनांनंतर सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथील मोबाइल इंटरनेट केंद्रीय गृहखात्याच्या आदेशाने बंद करण्यात आले. १ फेब्रुवारीला सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने अनेक खाती भारतापुरती रोखली; त्यांत ‘किसान एकता मोर्चा’चे खातेही होते. ओरड झाल्यावर ती त्याच दिवशी मोकळी करण्यात आली. हजारो फोन त्या सीमेवर होते, प्रत्येकात कॅमेरा होता, आणि तरीही काही काळ चित्रे तेथल्या तेथे अडकून पडली होती. साधन हाती असणे आणि त्याचा मार्ग हाती असणे यांतील अंतर त्या दिवसांत अगदी साध्या शेतकऱ्यालाही कळले.

फ्लिपच्या मालकांनाही या अंतराची चव चाखावी लागली. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या ‘फ्लिपशेअर’ या सोयीतून अनेकांनी आपली चित्रणे कंपनीच्या यंत्रांवर ठेवली होती. धंदा बंद करताना सिस्कोने ही सेवा ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत चालविण्याचे कबूल केले. मुदत दिली हे खरे. पण लेकराचे पहिले पाऊल किंवा आजोबांचा शेवटचा वाढदिवस हा कोणत्या तारखेपर्यंत जपण्यालायक आहे, हे ठरविणारा पक्ष भलताच होता.

आज हे कॅमेरे जुन्या बाजारात सापडतात. त्यांच्यात एक फरक आहे. २००७ च्या ‘अल्ट्रा’मध्ये पेन्सिल सेल बसतात, ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि कंपनी नाहीशी होऊन इतकी वर्षे लोटली तरी त्यामुळे तो चालू होऊ शकतो. २००८ साली निघालेला ‘मिनो’ हा अधिक सडपातळ आणि देखणा. त्याची बॅटरी आत कायमची बंद केलेली; ती मेली की धडधाकट भिंग आणि शाबूत पडदा यांच्यासह सगळा कॅमेरा भंगारात. मोबाइलचे कारखानदार पुढे याच दुसऱ्या वाटेने गेले. भारताच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले; उत्पादकांवर सक्ती मात्र तेव्हा केली नाही. युरोपीय संघाने २०२३ साली कायदाच केला. हातातील उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असे बंधन त्यात घातले आहे, आणि ते लागू होण्याची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ ठरविली आहे. दीडशे डॉलरच्या पहिल्या फ्लिपमध्ये ही सोय वीस वर्षे आधी होती.